बिनकर्त्याचा प्रश्न

सोबतवही लिहून झाल्याशिवाय आठवीच्या वर्गाचं दारच उघडत नसे. ही वही म्हणजे एक पडद्याची पाटी. मुलं तिच्यावर मन मोकळं करत, पाटी पेनातून नाडी वाचे आणि हळूच पुढचा प्रश्न विचारी. मुलं शहाणी झाली, घरातली आदळआपट थांबली, आईबाप खूश. केतकीही खूश होती, आज सकाळपर्यंत.

आज शाळेच्या चौकशी समितीपुढे तिची मुलगी तन्मयी शांतपणे म्हणाली, "ऋजुता मल्लखांबावरून निसटली."

मैत्रीण ऋजुता मल्लखांबावरून पडून गेली त्या संध्याकाळी हीच पोर थरथरत म्हणाली होती, "आई, सरांनी रागानं तिचा पाय ओढला गं!" पाहणारी ती एकटीच. पुढे तिची झोप उडाली, जेवण सुटलं, म्हणून केतकीनेच तिला सोबतवहीचे जादा तास लावले होते.

व्हरांड्यात तिने वही घडवणाऱ्या डॉ. माजगावकरांना गाठलं. "माझी मुलगी खोटं बोलतेय का?"

"छे! तिला तसंच आठवतंय."

आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे, त्यांनी समजावलं. बाहेर काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि परत ठेवताना हात फिरेल तसा आकार घेते. "म्हणून आमचे प्रश्न बिनकर्त्याचे. 'पाय सुटला तेव्हा तुला काय वाटलं?' कुणी केलं, हे त्यात येतच नाही. कर्ता गेला की भीती जाते."

"मग प्रश्नात सरांचं नाव घाला."

"घालता येईल. महिनाभरात तिला सर आठवतील, झोपही पुन्हा उडेल. पण ताई, वहीला खरं-खोटं कळत नाही. तुमचं नाव घातलं, तर तिला तुम्हीच पाय ओढताना आठवाल."

शेजारच्या बाकावर ऋजुताची आई हेमलता बसली होती. ती उठून आली आणि तिने केतकीचे हात धरले. "घाला हो नाव. माझ्या पोरीसाठी एवढं करा."

केतकीने होय म्हणावं, तर लेकीची झोप जाणार, आणि समिती म्हणणार, हे तर तुम्हीच पढवलंत. खरं तेच होतं, पण आता तेही पढवावंच लागणार होतं.

तेवढ्यात तन्मयी बाहेर आली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा टवटवीत दिसत होता.

"आई, सर सोमवारपासून पुन्हा मल्लखांब शिकवणार आहेत. हाताला लावायचं एरंडेल संपलंय, जाताना घेऊ या?"

हेमलताने केतकीचे हात सोडले नाहीत.