शेवटची लादी

"लादी कानांनी ओळखायची असते, पोरी!... ठोकून बघ. पोटात पोकळी असली, की ती आपणहून बोलते."

कधीकाळचा, वडिलांचा तो आवाज तिच्या कानांत घुमला, आणि परवान्याच्या परीक्षेच्या त्या अनोळखी दालनात गुडघे टेकून बसलेल्या तिनं पहिली लादी ठोकून पाहिली.

परदेशात कारागिरांना कामाचे परवाने मिळणार असं कळलं, तेव्हा घरात आनंदाला नुसतं उधाण आलं होतं! अर्ज अर्थातच तिच्या नवऱ्याचा. सारी वस्ती त्यालाच मिस्त्री म्हणायची. पण नियम आडवा आला. वय पंचेचाळिशीच्या आत हवं, आणि मिस्त्रीनं ती वेस कधीच ओलांडलेली. त्याचं उतरलेलं तोंड बघून सासूबाईच कडाडल्या, "अरे, जोडीदाराला सोबत नेता येतं ना? मग सूनबाईला अर्ज करू दे! मी राहीन लेकीकडे. तुमच्या गाड्याचं चाक कोण ओढतं, ते मला आंधळीलाही दिसतं!"

मिस्त्री हसला होता... पण बोलला काहीच नव्हता. ते न बोलणं तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं होतं. तिच्या वडिलांकडे तो माल कालवायला आला, तेव्हा दोरी ताणायला, उतार धरायला तिनंच त्याला शिकवलं होतं. मग लग्न झालं आणि ती झाली 'मिस्त्रीच्या हाताखालची बाई'. "वा, मिस्त्री!" असं कुणी म्हटलं, की त्याचा चेहरा असा काही फुलायचा, की त्या फुलण्यावरून तिनं आपलं सारं श्रेय ओवाळून टाकलं होतं.

आता थापी चालू लागली, तशी ओठांवर जुनी गुणगुण आली...

*दोरी ताणली ताणली, घर उभं राहिलं गं*
*हात कुणाचे राबले, कुणी नाही पाहिलं गं!*

परीक्षेसाठी आखून दिलेल्या न्हाणीघराची फरशी होता होता परीक्षक आले. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कुठेही न रेंगाळता, माहेरी निघालेल्या लेकीसारखं लगबगीनं मोरीच्या तोंडाशी गेलं! परीक्षकांचे डोळे चमकले... आणि उंबऱ्यापाशी येऊन थबकले.

"बाई, इथली एक लादी राहिली की!"

ती हात पुसत बाजूला उभी होती, अगदी रोजच्यासारखी. "ती मिस्त्री बसवतात," ती सहज बोलून गेली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं जीभ चावली. घरमालकासमोर शेवटची लादी मिस्त्रीनं बसवायची, हा त्यांचा शिरस्ता! इतक्या वर्षांच्या सवयीनं ऐन परीक्षेत घात केला होता.

परीक्षक गंभीर झाले. व्हरांड्यात सासूबाईंसोबत थांबलेल्या मिस्त्रीला त्यांनी आत बोलावलं. इतर उमेदवारही दारात गोळा झाले. सगळे गवंडी, सगळे ओळखीचे.

"नियम स्पष्ट आहे. हाताखालचं काम अनुभवात धरत नाहीत. खरं सांगा, या कारागीर आहेत की मदतनीस?"

मिस्त्रीची मान खाली गेली. चारचौघांत त्याचा तो कोमेजलेला चेहरा... तिला बघवेना. परवाना गेला तर जाऊ दे! डोळ्यांतलं पाणी परतवत ती म्हणाली, "साहेब, चूक माझी. मी आपली मदतनीसच..."

"थांब गं!" मिस्त्री ओरडला.

पण पुढे शब्द फुटेना. खिडकीतून सासूबाई गरजल्या, "बोल की रे मेल्या! तोंडात सिमेंट कालवलंय का?"

सारं दालन खदखदून हसलं. मिस्त्रीही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना धार लागली. वाकून त्यानं ती उरलेली लादी उचलली, बाहीनं पुसली, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"बसव," तो म्हणाला. "साहेब, मी हिच्या घरी माल कालवायला आलो होतो. मला दोरी धरता येत नव्हती, की उतार कळत नव्हता... हिनं शिकवलं. लोक मला शाबासकी देत राहिले, मी घेत राहिलो. आज सांगतो, सगळ्यांदेखत सांगतो... मी हिचा शागीर्द आहे!"