लांबून घेतलेले माप

सकाळचे ऊन खोलीत एकदम येत नाही, हे तो विसरून गेला होता. आधी पडद्याच्या फटीतून एक बारीक रेघ फरशीवर उतरली. थोडा वेळ नुसतीच पडून राहिली. मग कळेल न कळेल अशी सरकत खुर्चीच्या पायाशी आली, पायावर चढली आणि पाठीवर वाळत टाकलेल्या टॉवेलचा एकेक धागा उजळत पुढे निघाली. धुळीचे कण तिच्यात शिरले की सोनेरी होत, बाहेर पडले की नाहीसे होत. तो अंथरुणावर पडल्या पडल्या, श्वासही बेताने घेत, हे बघत होता. इस्पितळातल्या त्या बंद खोलीत उजेड कधी जागचा हलला नव्हता. तिथे सकाळ म्हणजे हातमोजे घातलेल्या नर्सने आणलेले थर्मामीटर. इथे मात्र सकाळ आपल्या पायांनी चालत आली होती.

"ऊन बघून पोट भरत असेल, तर नाश्ता झाकून ठेवते," दारातून ताई म्हणाली. "आणि आज त्या पँटी घट्ट करून घे. एका हाताने कंबर धरून फिरतोस, बघवत नाही."

रक्ताच्या आजाराने त्याचे निम्मे अंग झिजवले होते.

"बाहेर? पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर हिंडफिर म्हणाले. मी समोरच होते."

"सांभाळून, असंही म्हणाले."

"मग सांभाळून हिंड," म्हणत ताईने पिशवी त्याच्या हातात कोंबली.

रस्त्यावर वारा त्याच्या कानामागून शिरला आणि तो जागीच थबकला. वाऱ्याला किती वास होते! ओल्या मातीचा, पेट्रोलचा, कुणाच्या तरी नुकत्याच धुतलेल्या केसांचा... लोक भरभर चालत होते, आणि एकालाही याचे नवल वाटत नव्हते.

कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला काचेचे दार होते. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. उभाच राहिला. इस्पितळात दाराला हात लावण्याची त्याला मनाई होती. दार नेहमी पलीकडचे माणूस उघडी. आत मशीनवर बसलेल्या मुलीने एकदा वर पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले, मग ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या.

"ढकललं की उघडतं," ती आतून म्हणाली. "फार हुशार नाहीये ते."

त्याने दार ढकलले, पण उंबऱ्याशीच थांबला. "मी इथूनच... आजारी होतो. माझ्या जवळ आलेलं चालत नाही कुणी."

"मग माप?"

"अंदाजाने... जमेल?"

तिने मान कलती केली, एक डोळा मिटला आणि त्याला कंबरेपासून टाचेपर्यंत न्याहाळले. आधी कागदावरचे आकडे न वाचता त्याच्याकडे कुणी असे पाहून युगे लोटली होती. त्याचे कान तापले.

"दुकान काकांचं. टेप न लावता माप घेतलं हे त्यांना कळलं, तर कात्री घेऊन मागे लागतील माझ्या," ती म्हणाली. "ठेवा पिशवी स्टुलावर."

पँटी अंगावर अशा बसल्या की ताईही चकित झाली. मग तो शर्ट घेऊन गेला, नंतर कोट, नंतर ज्याला काहीच झाले नव्हते असा दुसरा कोट. "आले का लांबचे पाहुणे," ती विचारी, आणि तो उंबऱ्याशी उभा राहून वाटेत पाहिलेले सांगे. डबक्यात अख्खी इमारत उलटी मावली होती. कावळा चालताना खांदे उडवत होता.

"मी रोज याच रस्त्याने येते. मला का नाही दिसत?"

"तुम्ही मधेच नाहीशा झाला नव्हतात ना... म्हणून."

ती पुन्हा शिवणाकडे वळली. पण पुढच्या वेळी मशीन थांबवून म्हणाली, "आज बघितला तुमचा कावळा. अगदी आमच्या काकांसारखा चालतो."

एक दिवस मात्र तो पँट हातात घेऊन ओशाळून आला.

"हिचं बटण लागत नाही. तुमचा अंदाज... चुकला बहुतेक."

"माझा?" ती टेप घेऊन ताडकन उठली, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आवाज खाली आला. "येऊ?"

तो नाही म्हणणार होता. त्याची मान होकारार्थी हलली.

टेप त्याच्या कंबरेभोवती फिरली. तिच्या बोटांना हातमोजे नव्हते. खडूने माखलेली, उबदार, साधी माणसाची बोटे! त्याच्या मनगटाला ती निसटती लागली, आणि वाटले, वारा, ऊन, रस्ता ही सगळी नुसती प्रस्तावना होती.

"पँट बरोबर आहे," ती पुटपुटली. "तुम्ही भरलात."

"ताईच्या हातचं..."

"आजारी माणसाची कंबर अशी नाही भरत. डॉक्टर काय म्हणाले, खरं सांगा."

त्याने नजर काचेच्या दाराकडे वळवली. आजारी माणसाकडे कुणी काही मागत नाही. त्यालाही कुणाकडे काही मागावे लागत नाही, आणि नकार ऐकावा लागत नाही. त्या आडोशाला तो केवढा सरावला होता.

"मला रोज कपडे नाही आणायचे," अखेर तो म्हणाला. "घरातले संपत आलेत. मला... नुसतंच यायचंय. तुमच्याकडे."

तिने टेप गळ्यात टाकली. गाल लाल झाले होते, पण नजर खाली गेली नाही.

"मग या की. कुणी अडवलंय तुम्हाला?"

कुणीच अडवले नव्हते. तो बरा झाला होता.