एकच बिल्ला

"अहो बाई, बाजूला व्हा! हे झाड माझ्या नावावर आहे."

"आणि ह्याच्या बुंध्याशी माझ्या आईची राख आहे. आता बोला!"

हे आमचं पहिलं बोलणं. पर्थबाहेरच्या टूजे गावाजवळ, आमच्या रानात, मे महिन्यातल्या एका सकाळी. रॉसनं (सख्खा भाऊ, काय बोलणार!) जमीन घरं बांधणाऱ्यांना विकून टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी बुलडोझर फिरणार होता. त्याआधी रानातली बाल्गा झाडं उचलायचा परवाना ह्या उंच, उन्हानं रापलेल्या माणसाकडे होता. क्लेम त्याचं नाव. बाल्गा म्हणजे काळं, जळकट खोड आणि डोक्यावर गवताचा भलामोठा झुपका. शंभर वर्षांत जेमतेम माणसाएवढं होतं. आईचं तर माझ्याहून उंच होतं.

त्यानं टोपी काढली. "माफ कर. मला माहीत नव्हतं."

"मग मला दे ना. पर्थला माझ्या घरामागे लावीन."

त्यानं खिसे चाचपले. "परवान्याचा एकच बिल्ला उरलाय. बिल्ल्याशिवाय झाड रस्त्यावर आणता येत नाही." मग पायाशी बोट दाखवलं. आईच्या झाडाचंच बी पडून रुजलेलं वीतभर पिल्लू होतं तिथं. "दोघांतलं एक निवड. खरं सांगू? छोटं नक्की जगेल. मोठ्याचा भरवसा नाही."

"मोठंच. तू आहेस ना!"

तो हसला... आणि माझं काहीतरी चुकलंच तिथं. इतकं सरळ हसू नये माणसानं.

त्यानं खोडावर उत्तरेच्या बाजूला पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

"हे काय, सही केलीस?"

"नव्या जागीही तोंड उत्तरेलाच हवं. नाहीतर रुसतात."

"तुझ्यावर रुसलंय का कधी कोणी?"

"अजून तरी नाही."

"तेवढं जवळच आलं नसेल कोणी!"

खोडाला पट्टा बांधलेला, यंत्र सुरू झालेलं. तो मान वळवून माझ्याकडे बघत हसत होता. तेवढ्यात जमिनीखाली – कट्ट!

"काय झालं रे?"

"काही नाही..." तो पट्ट्याकडे वळला. "दगड फुटला."

झाड पर्थला माझ्या घरामागे लागलं आणि पुढचे अठरा महिने तो दर रविवारी सकाळी नऊला तिथं आला. नव्यानं लावलेल्या बाल्गाला तपकिरी साखरेचं पाणी घालतात, आमच्याकडे सगळेच घालतात. तो बादलीत हात घालून साखर विरघळवायचा आणि मी त्याच्या कोपरावरचे थेंब बघत बसायची.

"झाडाला दोन मुठी, आणि चहात माझ्या चिमूटभर?"

"झाड तक्रार करत नाही, ब्रायनी."

"म्हणून त्याचे लाड!"

पावसात तो ओलाचिंब व्हायचा. टॉवेल देताना आमची बोटं लागायची आणि दोघंही एकदम हवेबद्दल बोलायला लागायचो. बस्स, तेवढंच. जाताना झुपक्याकडे बघून तो दर वेळी म्हणायचा, "हिरवं आहे." आणि दर संध्याकाळी मी झाडापाशी जाऊन आईला सांगायची, हिरवी आहेस हं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी ठरवलं, हा काही बोलणार नाही, आज आपणच सांगायचं. धीर यावा म्हणून झुपक्याच्या मधल्या कोवळ्या पात्यांना सहज धरलं... आणि अख्खी मूठ हातात आली. खाली तपकिरी, लिबलिबीत. वास असा, की मी दोन पावलं मागे सरले.

मी क्लेमकडे पाहिलं. त्याला जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं."

"बाल्गा आतल्या साठ्यावर दीड-दोन वर्षं हिरवं राहतं," तो खाली बघत म्हणाला. "मेल्यावरही."

"कधीपासून, क्लेम?"

"पहिल्या दिवसापासून. तो दगड नव्हता. जमिनीखालचं खोड तुटलं. मी पट्ट्याकडे बघायला हवं होतं..." त्यानं बादली खाली ठेवली. "तुझ्याकडे बघत होतो. अजूनही दुसरीकडे बघता येत नाही मला. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

अठरा महिने हेच ऐकायला कान टवकारून बसले होते मी! आणि डोळ्यांसमोर आलं काय, तर ते वीतभर पिल्लू.

"त्याच वेळी सांगितलं असतंस तर बिल्ला छोट्याला लावता आला असता."

"हो."

"ते जगलं असतं."

"...हो. तू इतकी खूश होतीस, तोंडच उघडेना. म्हटलं पुढच्या रविवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या."

"मी रोज आईशी बोलत होते रे! कोणाशी बोलत होते मी?"

मी म्हटलं, "जा तू, क्लेम." थांब म्हणायचं होतं. ते मात्र तोंडातून निघालंच नाही. त्यानं बादली धुतली, नळाशी उपडी घातली आणि गेला.

पुढच्या रविवारी नऊ वाजता माझा हात कोपरापर्यंत बादलीत होता. साखर विरघळतही आली होती. बाहेर गाडी थांबली म्हणून तशीच धावत फाटकाशी गेले... शेजाऱ्यांची होती. परत येऊन झाडापाशी बसले. आईसाठी रडतेय, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण आता आणखी खोटं कोणासाठी बोलायचं?

ती पांढरी रेघ अजून पुसली नव्हती. मी सगळी बादली त्या मेलेल्या झाडाला घातली.