गावकीचा फवारा

"आजी, डोळे उघडे ठेवा. मिटू नका."

"उघडंच हायेत की माझं," सोनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते पुन्हा मिटले.

साताऱ्याच्या कचेरीत पडद्यासमोर बसलेल्या हर्षदा चिकणेने कपाळाला हात लावला. धरणाच्या पाण्यापलीकडे, कारवंडच्या समाजमंदिरात, सोनाबाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कपाटासमोर उभ्या होत्या, आणि कपाट काही त्यांना गोळ्या द्यायला तयार नव्हतं.

लोक त्याला नुसतं कपाट म्हणत. कागदोपत्री त्याचं नाव 'दूरस्थ औषधकपाट'. शहरातला डॉक्टर पडद्यावरून तपासायचा, फार्मासिस्ट हर्षदा साताऱ्यातून औषध पडताळायची आणि कपाटाचा खण उघडायचा. कारवंडला यायला लाँचशिवाय वाट नव्हती, तिथे औषधाचं दुकान कोण टाकणार? म्हणून कपाट आलं तेव्हा गावाने त्याला हार घातला होता.

मग साक्षीडोळा आला. कपाटाच्या माथ्यावर बसवलेलं हे भिंग कातडीखालचं रक्त वाहताना बघायचं, डोळ्याच्या बाहुलीची हालचाल टिपायचं आणि समोरचा माणूस तोच आहे, जिवंत आहे, शुद्धीवर आहे, हे ठरवायचं. कुठेतरी कुणीतरी मेलेल्या बापाचा फोटो दाखवून झोपेच्या गोळ्या उचलल्या आणि विकल्या होत्या. त्यावर औषध प्राधिकरणाने 'समक्ष नियम' काढला. ज्याचं औषध त्यानेच, समोर उभं राहून, उघड्या डोळ्यांनी घ्यायचं. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे हर्षदाही मान्य करायची. पण मोतीबिंदू झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, बाळंतपणात अडलेल्या माणसांचा विचार करताना नेमकी सगळ्यांना डुलकी लागली होती.

सातव्या खेपेला सोनाबाईंचा खण उघडला. त्या कपाटालाच चार शिव्या हासडून गेल्या. हर्षदाला त्या अगदी रास्त वाटल्या.

तेवढ्यात फोन वाजला. प्राधिकरणाच्या नियमन कक्षातले भोसेकर.

"मॅडम, त्या कारवंडचं काय करायचं? निम्म्या गावाला झटके येतात. एवढ्याशा गावात मिरगीचे इतके रुग्ण देशात कुठे नाहीत. आम्ही पाण्याचे नमुने मागवलेत."

"सर, मी दर महिन्याला कपाट भरायला तिथे जाते. मला तर सगळे ठणठणीत दिसतात."

"तुमच्या दिसण्याला काय अर्थ? माहिती काय सांगते ते बघायचं."

हर्षदाने फोन ठेवला. या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. तरीही आकडे तिलाही छळत होते. हे सगळे रुग्ण एकच औषध घेत होते: झटका आला की नाकात मारायचा फवारा, माणशी महिन्याला एक.

पडद्यावर आता रेश्मा सकपाळ दिसली. सोबत तिची आठवीतली मुलगी ओवी. ओवीची मिरगी मात्र हर्षदाने स्वतः पाहिली होती, लाँचमध्ये. पोरीचा झटका आपणहून थांबत नसे. फवारा वेळेवर मिळाला नाही तर काय होईल, हे डॉक्टरांनी रेश्माला स्पष्ट सांगितलं होतं.

"ताई, हिचा फवारा मागल्या आठवड्यात शाळेत वापारला. आज नवा मिळंल ना?"

"मिळेल. ओवी, भिंगाकडे बघ."

ओवीने मान वर केली. भिंगाभोवतीचा निळा दिवा लुकलुकू लागला, आणि तो लुकलुकतानाच तिची नजर एका बाजूला वळली, हात आखडले, ती खाली कोसळली.

"रुग्ण शुद्धीवर नाही," कपाट गोड आवाजात म्हणालं. "औषध रोखण्यात आले आहे."

"कुशीवर वळव तिला! तोंडात काही घालू नको. आणि ती चप्पल ठेव खाली, रेश्मा, नाकाला चप्पल लावून काही होत नाही!" एका हाताने भोसेकरांचा फोन लावत हर्षदा ओरडली. खण हाताने उघडायचा अधिकार फार्मासिस्टकडे होता, तो नियमाच्या मागच्याच दुरुस्तीत काढून घेतला होता.

"सर, झटक्याचं औषध आहे, आणि पोरीला समोर झटका आलाय! खण उघडा!"

"रुग्ण शुद्धीवर आहे का?"

"झटका आलेला माणूस शुद्धीवर कसा असेल?"

"मग अपवाद करावा लागेल. तुम्ही लेखी पाठवा, मी वर विचारतो."

हर्षदाच्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावर ओवीचे ओठ काळेनिळे पडत होते. फवारा तिच्यापासून दीड हातावर, पत्र्याच्या आड होता, आणि हर्षदाला तिथे हात घालता येत नव्हता. ती रडकुंडीला आली होती.

समाजमंदिराच्या दारात जमलेल्यांपैकी मात्र कुणी कपाटाकडे पाहिलंच नाही. "जवळ कुणाच्यात हाय?" असं कुणीतरी ओरडलं. "दत्ताच्यात!" लाँच चालवणारा दत्ता जंगम धावत आला, गुडघ्यावर बसला आणि सराईत हाताने ओवीच्या नाकपुडीत फवारा मारला. थोड्या वेळाने तिचे हात सैल पडले. ती दमून घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. रेश्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसली.

हर्षदाने डोळे पुसले. मग तिच्या लक्षात आलं.

"दत्ताभाऊ, हा फवारा तुमच्या नावावरचा ना? तुम्हालाही झटके येतात?"

दत्ताने रिकामा फवारा खिशात घातला. शेवटी गावकीचे जाणते विलासआप्पा पुढे झाले.

"त्याला कसलं झटकं येत्यात, ताई! झटकं आले असते तर लाँच कवाच बुडाली असती. पोर कुटं पडंल ह्याचा नेम हाय का? शाळेत, शेतात, पान्यावर. तुमचं कपाट महिन्याला येकच देतं. मंग गावकीनं बैठक घेतली. लग्नाची भांडी कशी, ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची, बाकीच्यांनी इचारायचं न्हाई. तसंच हे. घरटी येकादोघांनी डाक्टरला झटकं येत्यात म्हून सांगायचं आन् फवारा घरात ठिवायचा. पोरीला बघून बघून सगळ्यांना पाठ झालंय, काय सांगायचं ते."

"अहो, पण आप्पा, हा गुन्हा आहे! दत्ताभाऊंचा परवाना जाईल. मिरगी असलेल्याला लाँच चालवू देत नाहीत."

"मंग आमी काय करायचं हुतं?"

हर्षदाला हसावं की रडावं ते कळेना. प्राधिकरण पाण्यात विष शोधत होतं. गावात आजारी होती एकच पोर, आणि तिच्यासाठी निम्म्या गावाने आजार अंगावर घेतला होता.

हर्षदाच्या पडद्यावर लाल चौकट उमटली. साक्षीडोळ्याने सगळं पाहिलं होतं; बोलणं तेवढं त्याला ऐकू येत नसे.

'कपाटाबाहेरील औषधाचा वापर आढळला. वापरलेला फवारा कोणाच्या मालकीचा होता? उत्तर न मिळाल्यास कपाट सील होईल.'

दत्ताचं नाव दिलं तर त्याचा परवाना गेला, चौकशी लागली की एकेक घर उघडं पडणार आणि कपाट बंद. ओवीचं नाव देता येत नव्हतं, तिचा फवारा संपल्याची नोंद होती. आणि उत्तर दिलं नाही तरी कपाट बंदच.

"ताई," रेश्माने ओवीच्या कपाळावरून हात फिरवत विचारलं, "कपाट चालू ऱ्हाईल ना?"

हर्षदाने दात-ओठ खात खरं तेच लिहिलं: 'कारवंड गावकी.'

'असा रुग्ण अस्तित्वात नाही. कृपया एका व्यक्तीचे नाव द्या.'

 मग फारसा विचार न करता, केवळ संतापाने, तिने लिहिलं: 'हर्षदा चिकणे. कपाट भरायला गेले होते, तेव्हा माझा फवारा तिथे राहिला.'

चौकटीचा लाल रंग गेला. तिच्या टेबलावरच्या पडद्याच्या कडेलाही तसाच निळा दिवा लुकलुकू लागला, आणि तोच गोड आवाज आला.

"हर्षदा चिकणे, कृपया डोळे उघडे ठेवा. आपल्याला झटके कधीपासून येतात?"