रॉली चेंडू धरायचा

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्यासोबत घडलेली आहे, आणि साक्षीदार अजून जिवंत आहे. एमेट नाव त्याचं. फार्गोला विमा विकतो. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा. तो काही सांगणार नाही म्हणा.

आणि मी भुताखेतांत रमणारा माणूस नव्हे. आम्ही नॉर्थ डकोटातले लुथरन. आमच्या चर्चमध्ये 'आमेन'सुद्धा कोणी मोठ्यानं म्हणत नाही.

साल २००३. ब्रेकन नावाचं गाव, तिथलं आमचं चिमुकलं कॉलेज, आणि त्याहून चिमुकला फुटबॉलचा संघ. लांबुळक्या चेंडूचा आमचा फुटबॉल. तो मोसम झाला की संघ बंद, असं उन्हाळ्यातच जाहीर झालं होतं. खेळायला पोरंच मिळत नव्हती.

मी किकर. दोन उंच खांबांमधून चेंडू उडवायचा, एवढंच माझं काम. बाकीचे चिखलात लोळणार, बरगड्या मोडून घेणार, आणि मी कडेला स्वच्छ कपड्यांत उभा.

"ट्रिग्या, इस्त्री कोण करतं रे? आई?"

हे रोजचंच. संघात असून मी संघाचा नव्हतो.

माझं म्हणावं असं माणूस एकच होतं. रॉली नेस.

रॉली माझ्यासाठी चेंडू धरायचा. मी मान हलवली की पुढचा गडी पायांमधून चेंडू मागे फेकणार. रॉली गुडघ्यावर बसून तो झेलणार, जमिनीवर उभा करणार, आणि बोटानं फिरवून त्याची लेस, म्हणजे शिवणीवरची जाड दोरी, पुढे करणार, खांबांकडे. लेस किकरच्या बाजूला राहिली की पाय नेमका तिच्यावर बसतो आणि चेंडू भरकटतो. हे सगळं पापणी लवते न लवते तोवर. रॉलीनं लेस माझ्याकडे कधी राहू दिली नाही.

"तू फक्त मान हलव, लेका," म्हणायचा. "बाकी मी बघतो."

त्या जुलैत रॉली वडिलांच्या शेतावर गव्हाच्या कोठीत उतरला. पत्र्याची कोठी, दुमजली घराएवढी. आत गहू घट्ट बसला होता, तो मोकळा करायला गेला. गहू सुटला, आणि रॉलीला घेऊन खाली गेला. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला. कोच डॅल्बींनी रॉलीच्या जागी एमेटला बसवलं. पहिल्या वर्षाचा पोरगा, कामाला चोख, पण मला तो नकोच होता. माझ्या किका खांबांच्या आसपासही फिरकेनात. दर शनिवारी आम्ही हरत गेलो. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. आमच्याकडे माणसं रागावली की गप्प बसतात आणि जेवताना बटाट्याचं भांडं तुमच्यापुढे सरकवतात.

मग सराव संपला की मी एकटा मागे थांबायला लागलो.

मैदान गावाच्या टोकाला. पलीकडे नुसती बिटाची शेतं आणि वारा. सगळे जेवायला निघून जायचे. माझ्यासोबत चेंडूंची पिशवी, आणि धरायला माणूस नसला की चेंडू उभा ठेवायचा तो लोखंडी आकडा.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. धुकं उतरत होतं. मी आकड्याखाली चेंडू लावला. घाईत लेस माझ्याच बाजूला राहिली. राहू दे, म्हटलं. मागे सरकलो. वर पाहिलं...

लेस पुढे होती.

वारा असेल. वाऱ्यानं चेंडू पडतो, असा जागच्या जागी फिरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हटलं, वारा.

किक मारली. खांबांच्या बरोब्बर मधून गेली.

दुसरा चेंडू मी मुद्दाम लेस माझ्याकडे करून ठेवला. मागे गेलो. समोर कोणी नव्हतं. तरी जुन्या सवयीनं मान हलवली...

सर्र...

गवतावर काहीतरी फिरल्याचा आवाज. अगदी बारीक.

लेस पुढे.

अंगावर सरसरून काटा आला. पण खोटं कशाला बोलू, मी पळालो नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी केलं होतं. मी तिथेच गवतात बसलो आणि ढसाढसा रडलो.

मग रोज तेच. सगळे गेले की मी आणि... तो.

मी त्याच्याशी बोलायचो. तुझ्या बहिणीनं तुझा पिकअप विकायला नकार दिलाय. कोचची बायको अजून तेच टूनाचं कॅसरोल करते आणि आम्ही अजून तोंड वाकडं न करता खातो. उत्तर कधीच आलं नाही. फक्त सर्र. मला तेवढं पुरायचं. जेवण चुकवायला लागलो, खोलीवर परत जावंसं वाटेना. हरत का असेना, हा मोसम संपू नये, एवढंच मागणं होतं.

एकदा एमेट मागे येऊन उभा राहिला.

"ट्रिग, तू कोणाशी बोलतोस रे?"

"वाऱ्याशी. तुला काय करायचंय?"

"चिडू नकोस ना. आकडा ठेव बाजूला, मी धरतो. माझाही सराव होईल."

बसला बिचारा गुडघ्यावर. एकच किक झाली. गेली खांबांमधून. मी दुसऱ्या चेंडूला वाकलो, तर एमेट उठून उभा. चेहरा पांढराफटक. स्वतःच्या बोटाकडे बघत होता.

"थंडी फार आहे," म्हणाला, आणि जवळजवळ पळतच गेला.

मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

मग आला नोव्हेंबर. शेवटचा सामना, आमच्याच मैदानावर. बर्फ भुरभुरत होता. मोसमभरात आम्ही एकदाही जिंकलो नव्हतो, आणि शेवटचे काही क्षण उरले असताना चक्क बरोबरी होती. चेंडू माझ्या टप्प्यात.

कोचनी माझ्या हेल्मेटची जाळी धरून मला जवळ ओढलं.

"बाळा, ही गेली तर जिंकून घरी. नाही गेली तर जादा वेळ खेळावा लागेल, आणि माझ्याकडे धड चालतील एवढी पोरंही उरली नाहीत. कळतंय?"

"हो, कोच."

"आणि श्वास घे. निळा पडलायस."

एमेट गुडघ्यावर बसला. माझ्या मानेची वाट बघत होता.

माझी मान हलेना.

हलवली की चेंडू येणार. चेंडू आला की किक. किक झाली की मोसम संपला, संघ संपला, हे मैदान संपलं. मग मी रॉलीला भेटणार कुठे?

"ट्रिग!" एमेट ओरडला. "मान हलव ना!"

मी त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सगळीकडे बर्फाचा पातळ थर बसला होता. फक्त एका ठिकाणी...

गुडघ्याएवढा खळगा होता. त्यात बर्फ साचत नव्हता.

येतो रे, असं मनात म्हटलं. आणि मान हलवली.

चेंडू आला. एमेटनं टेकवला. मी धावलो, आणि पाय उचलता उचलता मला लेस दिसली. थरथरत होती. पण पुढे होती.

चेंडू उजव्या खांबाला चाटून आत गेला.

पुढचं नीट आठवत नाही. अख्खा संघ माझ्या अंगावर होता. इस्त्रीवरून छळणाऱ्यांनीच मला चिखलात लोळवलं, मग खांद्यावर घेतलं आणि नाचवत जेवायला नेलं. मी मागे वळून पाहिलं नाही. वाटलं, रॉलीनं शेवटची लेस फिरवून माझा निरोप घेतला.

या एका समजावर मी वीस वर्षं सुखानं काढली. बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं.

गेल्या एप्रिलमध्ये कोच डॅल्बी गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅम सँडविच होतं. एमेट माझ्या शेजारी येऊन बसला. टक्कल पडलंय आता त्याला.

"ट्रिग, तुला एक सांगायचं राहून गेलंय."

"विमा असेल तर नको."

तो हसला नाही.

"त्या शेवटच्या किकला लेस कोणी पुढे केली, असं तुला वाटतं?"

याला माहीत होतं... इतकी वर्षं याला माहीत होतं.

"मी केली," एमेट म्हणाला. "चेंडू टेकवतानाच पुढे केली होती. आणि मग कोणीतरी माझं बोट धरलं... आणि ती मागे फिरवायला लागलं. तुझ्याकडे."

"काहीतरीच."

"जीव खाऊन दाबून धरला मी चेंडू. त्या संध्याकाळी आपण दोघं होतो ना, तेव्हा ते बोट हलकं होतं. शिकवत असल्यासारखं. त्या दिवशी मात्र..." त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. "त्या दिवशी ते गयावया करत होतं रे."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू हसत होतास. सगळ्या मोसमात पहिल्यांदा."

किक चुकली असती तर सामना लांबला असता. थोडाच, पण लांबला असता. त्याला तेवढंच हवं होतं. तो निरोप घेत नव्हता. थांब म्हणत होता. आणि मी पोरांच्या खांद्यावर बसून जेवायला निघून गेलो.

आता तिथे खांब नाहीत. बिटं लावतात. माझ्या घरचा रस्ता तिथूनच जातो. पूर्वी मी तिथे गाडी हळू करायचो, मजेत हात हलवायचो. एप्रिलपासून काचा वर करून, नाकासमोर बघत जातो.

काही ऐकू आलं तर काय करायचं, ते मला माहीत नाही. आणि काहीच ऐकू आलं नाही तर... तेही माहीत नाही.