आलेखाचं शेपूट

दार त्याने बाहेरून ओढलं, मी आतून ढकललं, आणि माझ्या कपातला चहा थेट त्याच्या शर्टावर!

"सॉरी... भाजलं का?"

"नाही, गारच होता." तो असा काही हसला, की पुसायला काढलेला रुमाल माझ्याच हातात राहिला. "तुम्ही कुठल्या गटात?"

"पहिल्या."

त्याचं हसू मावळलं. "मी दुसऱ्या," म्हणाला, आणि चक्क निघून गेला.

आमच्या अवकाश दुर्बिणीवर दूरवरून इलेक्ट्रॉन येऊन आदळतात. कुठल्या ऊर्जेचे किती, याचा आलेख दोन गट वेगवेगळा काढतात. सरांचा दंडक असा, की दोन्ही आलेख शेजारी ठेवेपर्यंत कामाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही. कामाबद्दल! पण हा पठ्ठ्या जिन्यात भेटला तरी "आज ऊन बरं आहे" एवढंच म्हणून सटकायचा. बरं, सटकताना वळून बघायचा. यातून माणसानं काय समजायचं? इलेक्ट्रॉनचं सोंग घेऊन आलेले प्रोटॉन मी बरोब्बर वेचून बाजूला काढते, पण त्याची ती एक नजर काही मला ओळखता येईना.

"आवडत नसशील तू त्याला," ताई फोनवर म्हणाली.

"मग वळून का बघतो?"

"मग आवडत असशील."

झालं! डोक्याचा पार भुगा.

शेवटी आलेख शेजारी ठेवले. तंतोतंत जुळले... फक्त टोकाला, सर्वांत जास्त ऊर्जेपाशी, त्याच्या आलेखाचं शेपूट लटपटत होतं.

सर खवळले. "तिकडे मुळातच इलेक्ट्रॉन कमी, त्यात शेवटी आलेली माहिती तू धरलीच नाहीस! वर रोज माझ्या मागे, आलेख लवकर शेजारी ठेवा, लवकर ठेवा. कसली एवढी घाई होती?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. आणि नजर – माझ्याकडे.

"आता दोघं मिळून निस्तरा," म्हणत सर गेले.

खोलीत आम्ही दोघंच.

"मग मला बघून पळायचास का?" मी कधी एकेरीवर आले, कळलंच नाही.

"तुझ्याशी बोलायला लागलो असतो, तर... सगळंच बोलून गेलो असतो. आलेखाचंसुद्धा."

"आता बोल की."

"मला तू आवडतेस." एका दमात म्हणाला आणि घाबरून खिडकीकडे वळला. "आज... ऊन बरं आहे, नाही?"

बाहेर आभाळ गच्च भरून आलं होतं.

"फारच छान आहे," मी म्हणाले, आणि माझी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.