जास्तीचा खण

जयंतीकाकू चौथ्या मजल्यावर सुयोगकडे गेल्या त्या फक्त सकाळच्या शूटिंगला नेलेला आपला हळदकुंकवाचा करंडा आणि उरलेला खण परत आणायला. दुपारचे चार वाजले होते. मुलुंडच्या त्या सोसायटीत कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या होतात हेही काकूंना ठाऊक. मग सुयोगचा सिनेमा त्यांच्यावाचून कसा होणार?

सिनेमा कसला, सगळा मोबाईलवरच काढलेला. बंद फ्लॅटमध्ये एक भलताच पंथ पूजा करतो आणि ते सगळं कुणाला तरी सापडलेल्या मोबाईलमध्ये दिसतं, अशी गोष्ट. पंथातल्या बाया म्हणून भजनी मंडळाच्या आठ जणी फुकटात मिळाल्या. खिडक्यांना वर्तमानपत्रं लावलेली, कापराचा वास, पदर हनुवटीपर्यंत ओढलेले आणि मध्ये थर्माकोलचा काळा दगड. काकूंनी पदर जरासा उचलून प्रत्येकीला हळदकुंकू लावायचं, एवढंच काम. पण सवाष्णीला रिकाम्या हाताने कसं उठवायचं, म्हणून त्यांनी आठ खण नेले होते. वर एक जास्तीचा, असावा हाताशी म्हणून.

पिशवीत तो नव्हता.

"सगळे वाटलेत की, काकू. हे बघा," म्हणत सुयोगने लॅपटॉप फिरवला.

काकू बघत राहिल्या. आठवीला खण देऊन झाला, तरी पडद्यावरच्या काकू उठल्या नाहीत. तशाच सरकत कोपऱ्यात गेल्या. तिथे नुसती फरशी. त्यांनी हवेतच काहीतरी वर उचललं, बोट टेकवलं, हिरवा खण पुढे केला. हात मागे आला तेव्हा खण कुठेच नव्हता.

"काय अ‍ॅक्टिंग केलीत यार, काकू."

काकूंना तर ते कपाळ चांगलं आठवत होतं... माठासारखं गार, ओलसर. त्यांना ती दुसऱ्या मजल्यावरची रुक्मिणी वाटली होती. पण रुक्मिणी तर तिसरी बसलेली स्पष्ट दिसत होती. आणि मग त्यांचाच आवाज आला, नेहमीसारखा अगत्याचा, "या हं घरी. लेक आलीय बाळंतपणाला. दार लोटलेलंच असतं."

काकू जिना कशा उतरल्या ते त्यांनाच कळलं नाही. अक्षताला आठवा महिना होता. आधीची दोन टिकली नव्हती. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं.

दार लोटलेलं होतं. अक्षता उशीला टेकून बसली होती, कपाळावर ताजं कुंकू. मांडीवर हिरवा खण. काकूंनी हात लावला, तर ओला.

"तुझ्या मंडळातल्या काकू आल्या होत्या गं. ओटी भरून गेल्या."

"कोण?"

"तोंड दिसलंच नाही, पदर होता ना... म्हणाल्या, बाळाला न्यायला येते."

"बघायला म्हणाल्या असतील."

"नाही आई, न्यायला. दोनदा म्हणाल्या." अक्षताने पोटावर हात ठेवला. "सवयीने तोंडातून गेलं... या हं."